थेंब किती आणि तळें किती?



आपल्या शाळेच्या जिन्याजवळील भिंतीवर गेल्या वर्षीं एक सुबक पाटी लागली होती. "फोन भरला, चार्जर काढा, देशाची वीज वांचवा," असे शब्द तिच्यावर मोठ्या अक्षरांत रंगविले होते. ती पाटी आतां तेथें नाहीं. ती कोणी चोरून नेली नाहीं, किंवा पावसानें धुऊनही गेली नाहीं. ती आम्हींच उतरविली. ज्या हातांनीं ती लावली त्याच हातांनीं ती कां उतरविली, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. कारण शिक्षकानें फळ्यावर चुकीचें लिहिलें आणि मागाहून गुपचूप पुसून टाकिलें, तर फळा स्वच्छ होतो खरा. पण मुलांच्या वहींत उतरलेलें तसेंच राहतें.

त्याचें झालें असें. १४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशांत राष्ट्रीय ऊर्जा-संवर्धन दिन म्हणून पाळण्यांत येतो. त्या निमित्तानें आम्हीं वर्गांत एक लहानसें व्याख्यान दिलें. फोन दूर केला तरी सॉकेटांत राहिलेला चार्जर वीज ओढीतच असतो. एका घरांत असे तीन-चार चार्जर, आणि देशांत घरें तर कोट्यवधि. थेंबें थेंबें तळें सांचतें, मग ही गळती सांचून केवढी होत असेल! असा आमच्या बोलण्याचा ओघ होता. मुलांवर त्याचा परिणाम चांगला झाला. कोणीं चित्रें काढलीं, कोणीं घोषवाक्यें रचलीं; सर्वांत चटकदार घोषवाक्यास बक्षीस मिळालें आणि त्याचीच पाटी झाली. एक गोष्ट मात्र मनांत सलत राहिली. व्याख्यान संपतांना मागच्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें होतें, "सर, एक चार्जर किती वीज खातो?" आम्ही म्हणालों, "थोडी. पण थोडी थोडी मिळूनच पुष्कळ होते." तो निमूटपणें खालीं बसला. हें उत्तर नव्हे, हें त्याला कळलें होतें आणि आम्हांसही. "किती?" या प्रश्नास "थोडी" असें उत्तर बाजारांतील भाजीवालीसुद्धां देत नाहीं, ती पावशेर कीं अर्धा किलो तें तोलून सांगते.

पुढें पंधरा दिवसांनीं पालकांची सभा झाली. ज्या मुलास घोषवाक्याचें बक्षीस मिळालें होतें, त्याचे वडील भेटले आणि मोठ्या कौतुकानें त्यांनीं एक हकीकत सांगितली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांच्या मातोश्री गांवाहून येऊन महिनाभर त्यांच्याकडे राहिल्या होत्या. त्यांचा फोन भरून झाला तरी चार्जर भिंतींतच राही. नातवानें दोन वेळां सांगून पाहिलें. तिसऱ्या वेळीं, घरांत पाहुणे बसले असतांना, तो म्हणाला, "आजी, तुझ्यासारख्यांमुळेंच देशाची वीज वाया जाते." म्हातारी कांहीं बोलली नाहीं. तिनें चार्जर काढून पिशवींत ठेविला, तो पुन्हां बाहेर काढलाच नाहीं. दोन दिवस तिचा फोन बंद राहिला, आणि तिकडे गांवीं तिची धाकटी बहीण फोन लावून लावून काळजीनें अर्धी झाली. "सर, तुमचा शिष्य फार कडक निघाला!" असें म्हणून वडील हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. ज्या गोष्टीचें माप आम्हांसच ठाऊक नव्हतें, तिच्यासाठीं एका वृद्धेस चारचौघांत अपराधी ठरविण्यांत आलें होतें. आणि तो आरोप करण्याचें शस्त्र मुलाच्या हातीं आम्हींच दिलें होतें.

तेव्हां मागच्या बाकावरील प्रश्नाकडे वळण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. बाजारांत एक लहानसा मीटर मिळतो. तो सॉकेटांत बसवावयाचा आणि उपकरणाचा प्लग त्याच्यांत घालावयाचा, म्हणजे तें उपकरण किती वीज घेतें हें आंकड्यांत दिसतें. तसा एक मीटर आमच्या विज्ञान-शिक्षकांपाशीं होता. भर वर्गांत एक रिकामा चार्जर त्याला जोडला. आंकडा आला शून्य. मुलें हंसलीं. "शून्य नव्हे, सर," मागच्या बाकावरील तोच मुलगा म्हणाला, "मीटरला दिसत नाहीं इतकी थोडी." सूचना मार्मिक होती. मग मुलांकडून व शिक्षकांकडून दहा चार्जर गोळा केले, एक्स्टेन्शन बोर्ड जोडून ते सर्व त्यांत बसविले आणि मीटर लावून तसेच एक आठवडा राहूं दिले. सात दिवसांनीं मीटरवर ०.१७ युनिट हा आंकडा होता.

आतां हिशेब मांडूं. १,००० वॅट शक्तीचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. आपल्या घरच्या बिलावर जें युनिट असतें तें हेंच. ०.१७ युनिट म्हणजे १७० वॅट-तास. आठवड्याचे तास १६८. भागाकार केला तर दहा चार्जर मिळून सुमारें एक वॅट, आणि एक चार्जर वॅटाचा सुमारें दहावा भाग. इतक्या बारीक मापांत असा स्वस्त मीटर थोडाफार चुकतो, हें आम्ही जाणतों. परंतु पुढें ज्या नियमाचा उल्लेख येणार आहे त्याच्याशीं हा आंकडा जुळतो, म्हणून तो धरून चालण्यास हरकत नाहीं. असा चार्जर वर्षाचे ८,७६० तास, एकही सुटी न घेतां, भिंतींत राहिला तर ८७६ वॅट-तास वीज घेईल. म्हणजे पुरतें एक युनिटही नाहीं. सोयीसाठीं युनिटाचा दर १० रुपये धरिला तर वर्षाचा खर्च नऊ रुपयांच्या आंत राहतो. आजीबाईंचा मुक्काम महिनाभराचा होता. म्हणजे ज्या अपराधासाठीं त्यांना पाहुण्यांसमोर बोल लागला, त्याची किंमत जुन्या हिशेबानें फार तर बारा आणे होती!

एकट्या आंकड्यास अर्थ नसतो. तो दुसऱ्या आंकड्याशेजारीं ठेविला म्हणजे बोलूं लागतो. म्हणून मुलांना आम्हीं आणखी कांहीं हिशेब करावयास दिले. १५ लिटरची एक बादली पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें ०.३५ युनिट वीज लागते. तेवढ्या विजेंत आपला रिकामा चार्जर १४५ दिवस, म्हणजे जवळजवळ पांच महिने, भिंतींत राहूं शकतो. छताचा जुना पंखा ७५ वॅट घेतो. रिकाम्या खोलींत तो एक तास फिरत राहिला तर चार्जराचा एक महिना संपला. मोटारसायकल एका लिटरांत ५० किलोमीटर जाते असें धरिलें, आणि एका लिटर पेट्रोलांत सुमारें साडेनऊ युनिटांइतकी ऊर्जा असते हें लक्षांत घेतलें, तर एका किलोमीटराच्या फेरींत चार्जराचे अडीच महिने जळतात. फार काय, फोन रोज पुरता भरावयाचा म्हटला तरी एका वेळेस २०-२५ वॅट-तास, आणि वर्षाकांठीं आठ-नऊ युनिटें पुरतात. सबंध वर्षभर फोन चालविण्यास लागणारी वीज शंभर रुपयांहून कमी, आणि त्या फोनवर वाया जाणाऱ्या वेळाची किंमत किती, हा हिशेब आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

केंब्रिज येथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक डेव्हिड मॅके यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ऊर्जाविषयक ग्रंथांत याच चार्जराचा हिशेब मांडिला होता. त्यांनीं चार्जराची ओढ अर्धा वॅट धरिली होती, म्हणजे आमच्या मापाच्या पांचपट. तरीही एक दिवस चार्जर काढून ठेवल्यानें वांचणारी ऊर्जा मोटार चालवितांना एका सेकंदांत खर्च होते, असेंच त्यांना आढळलें. तेव्हां आमच्या वर्गांतील मुलांस जें दिसलें तें मीटरच्या चुकीमुळें दिसलें, असें कोणी समजूं नये.

मग ही चार्जर काढण्याची शिकवण आली तरी कोठून? ती अगदींच निराधार होती काय? नव्हती, आणि या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटलें. जुन्या घडणीचे चार्जर ज्यांनीं हाताळले असतील त्यांना आठवत असेल कीं ते दगडासारखे जड असत, आणि फोन लावलेला नसला तरी हातास कोमट लागत. त्यांच्या पोटांत लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेलें रोहित्र असे. प्लग लावला कीं तें लोखंड दिवसरात्र चुंबकित होत राही, आणि त्यांत एक-दोन वॅट, क्वचित् त्याहून अधिक वीज उष्णतेच्या रूपानें निघून जाई. दोन वॅटांचा हिशेब केला तर वर्षाचीं साडेसतरा युनिटें होतात. शिवाय दूरदर्शन-संच, ध्वनिमुद्रिका वाजविणारीं यंत्रें आणि अशींच दुसरीं उपकरणें 'बंद' असतांनाही पुष्कळ वीज खात. १९९८ सालीं अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंतील ॲलन मायर या शास्त्रज्ञांनीं अशी सूचना मांडिली कीं, कोणत्याही उपकरणानें नुसतें वाट पाहत असतांना एका वॅटाहून अधिक वीज घेऊं नये. दुसऱ्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें ही सूचना उचलून धरिली. २००१ सालीं अमेरिकेच्या सरकारनें आपल्या कचेऱ्यांच्या खरेदीस तसें बंधन घातलें. २००८ सालीं पांच मोठ्या फोन-कंपन्यांनीं आपल्या चार्जरांस तारे देण्याची एक समान पद्धति ठरविली. रिकामा असतांना ०.०३ वॅट किंवा त्याहून कमी वीज घेणाऱ्यास पांच तारे, आणि अर्ध्या वॅटाहून अधिक घेणाऱ्यास एकही नाहीं. आणि एप्रिल २०२० पासून युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें फोनच्या चार्जरासारख्या लहान चार्जरानें रिकामा असतांना ०.१ वॅटाची मर्यादा ओलांडूं नये असें ठरलें. मोठ्या कंपन्या एकाच घडणीचे चार्जर अनेक देशांत विकतात. म्हणून त्या नियमाचें फळ आपल्याही घरांत आलें.

चार्जराची रचनाच बदलली. आजचा चार्जर घरांतील उलटसुलट वाहणारी वीज प्रथम एकेरी करितो, मग तिचे दर सेकंदास हजारों तुकडे पाडून चिमुकल्या रोहित्रांतून ती उतरवितो. फोन नसला म्हणजे हें तुकडे पाडण्याचें काम जवळजवळ थांबतें. आंतील चिप मधून मधून जागी होऊन फोन आला काय, एवढेंच पाहते. म्हणजे ज्या गळतीविरुद्ध आम्ही मुलांना उभें करीत होतों, ती कांहीं अभियंत्यांनीं आणि कांहीं नियमकर्त्यांनीं आमच्याही आधीं बुजवून टाकिली होती. कोट्यवधि लोकांनीं रोज आठवणीनें प्लग उपसल्यामुळें ती बुजली नाहीं. यंत्र सुधारल्यामुळें बुजली. यंत्र बदललें, पण घोषवाक्य तेंच राहिलें.

यावर कोणी म्हणेल, "एका घरांत नऊ रुपये खरे, पण सबंध देशाचा विचार करा!" चला, तोही करूं. देशांत १०० कोटी चार्जर दिवसरात्र भिंतींत आहेत असें समजूं. प्रत्येकीं वॅटाचा दहावा भाग, म्हणजे एकंदर १०० मेगावॉट. आपल्या कोयनेच्या वीजकेंद्रांची एकत्रित क्षमता १,९६० मेगावॉट आहे; म्हणजे कोयनेचा जवळजवळ विसावा हिस्सा नुसत्या रिकाम्या चार्जरांत गेला! हें ऐकून कोणाही देशप्रेमी मनुष्यास प्लग उपटण्यास धांवावेंसें वाटेल. पण थेंब देशाचे मोजले तर तळेंही देशाचेंच मोजावयास पाहिजे. या १०० मेगावॉटांचीं वर्षाचीं युनिटें होतात सुमारें ८८ कोटी. आणि २०२३-२४ या वर्षीं भारतांत निर्माण झालेली वीज १ लाख ७० हजार कोटी युनिटांहून अधिक होती. म्हणजे दोन हजार भागांतला एखादा भाग. कोणतीही क्षुद्र गोष्ट देशाच्या लोकसंख्येनें गुणिली कीं डोंगराएवढी दिसते. तोच गुणाकार मोठ्या गोष्टीसही लागू होतो, हें मात्र आपण सोयीस्करपणें विसरतों. सर्वांनीं मिळून थोडें थोडें केलें तर एकंदरींत थोडेंच होतें, पुष्कळ होत नाहीं. म्हण खोटी नाहीं. थेंबें थेंबें तळें सांचतें. पण तें पावसाच्या थेंबांनीं सांचतें, दंवाच्या नव्हे.

आमच्या एका वृद्ध सहकाऱ्यांनीं यावर निराळाच आक्षेप घेतला, आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. ते म्हणाले, "वीज वांचो वा न वांचो, मुलांना संवय तर लागते! आज चार्जर काढील तो उद्यां दिवा मालवील, परवां पंखा बंद करील." संवयीचें सामर्थ्य आम्हांसही मान्य आहे, शिक्षकाचा सगळा धंदाच तिच्यावर चालतो. पण संवयीला दोन तोंडें असतात. सोपें पुण्य पदरांत पडलें कीं कठीण पुण्याची आठवण राहत नाहीं, हाही मनुष्यस्वभावच आहे. चार्जर काढून ठेवणारा मनुष्य "आम्हीं आमचा वांटा उचलला" असें मानून निश्चिंत होतो, आणि मग तासभर गीझर चालूं ठेवितांना त्याचें मन त्याला टोंचीत नाहीं. हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे, आणि दूर कोठें नव्हे. ज्या जिन्याजवळ आमची पाटी झळकत होती, त्याला लागूनच आमची संगणक-खोली आहे. एके दिवशीं सायंकाळीं तेथील २० संगणक कोणीं बंद केले नाहींत. चालूं राहिलेला संगणक पडद्यासह सुमारें ५० वॅट घेतो असें धरिलें, तर १४ तासांच्या त्या एका रात्रींत १४ युनिटें गेलीं. एक चार्जर सोळा वर्षें भिंतींत राहिला असता तर तेवढीं गेलीं असतीं. शाळेंत येणारा पाहुणा आमची पाटी वाचून मान डोलावीत असे. त्या खोलींत डोकावण्याचें त्याला कारणच नव्हतें, कारण पाटी पाहून त्याचें समाधान झालेलें असे. आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालेलें होतें.

शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाबाहेर पाहावें. मुलांना न्यावयास आलेल्या मोटारी दहा-दहा मिनिटें इंजिन चालूं ठेवून उभ्या असतात. आंत बसलेले पालक दुष्ट नव्हेत. त्यांपैकीं पुष्कळजण घरीं मुलांना काटकसरीचा उपदेश करीत असतील. सुज्ञ पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, मुलास चार्जराबद्दल रागें भरण्यापूर्वीं आपल्या इंजिनाची किल्ली फिरवावी. आणि मुलांनींही आईवडिलांस अथवा आजीआजोबांस शिकविण्यापूर्वीं स्वतःच्या अंगीं पडणारा हिशेब एकदां कागदावर मांडावा.

एवढ्यावरून चार्जर कधींच काढूं नये, असा अर्थ कोणी घेऊं नये. आपल्याकडील सॉकेटांना शेजारींच बटण असतें, ही मोठी सोय आहे. तें दाबण्यास काडीचे श्रम नाहींत, आणि तें बंद केलें कीं चार्जराची ओढ पुरती थांबते. बाहेरगांवीं जातांना, आणि विजा कडाडत असतांना, प्लग काढूनच ठेवावा. अशा वेळीं तारांतून एकाएकीं चढणारा दाब उपकरण जाळूं शकतो. भारतीय मानक ब्युरोची खूण नसलेले, रस्त्यावर मिळणारे स्वस्त चार्जर तर घेऊंच नयेत. घेतलेच असतील तर रात्रभर भिंतींत राहूं देऊं नयेत. रांगतें मूल तारेचें टोंक तोंडांत घालतें, म्हणूनही ती लोंबती ठेवूं नये. हीं सर्व कारणें सुरक्षिततेचीं आहेत आणि भक्कम आहेत. विजेच्या बाबतींत एकच सोपी कसोटी: रिकाम्या चार्जरास हात लावून पाहावा. कोमट लागला तर तो जुन्या घडणीचा किंवा सदोष आहे. त्याला निरोप द्यावा. थंड असला तर त्याच्यासाठीं घरांत कलह करूं नये.

तो वेळ आणि तो उत्साह मग खर्चावा कोठें? वाट पाहत बसून वीज खाणाऱ्यांचाच शोध घ्यावयाचा असेल, तर चार्जर सोडून दूरदर्शन-संचाखालील सेट-टॉप बॉक्स पाहावा. दूरस्थ कळ दाबून 'बंद' केला तरी आमच्या मीटरवर त्याची ओढ दहा वॅटांच्या आसपास राहिली. दिवसाचे वीस तास असा तो नुसता पडून राहिला तर वर्षाचीं ७३ युनिटें, म्हणजे ७३० रुपये. ८३ चार्जर मिळूनही एवढी वीज खात नाहींत. आणि तो भिंतीवरील एका बटणानें बंद होतो. पंखा बदलण्याची वेळ आली तर नव्या घडणीचा, सुमारें ३० वॅटांचा घ्यावा. तो दिवसाचे बारा तास चालला तर रोज अर्ध्या युनिटाहून अधिक वांचवितो. सव्वादोनशें रिकामे चार्जर दिवसभरांत खातात तेवढें. २००६ पासून आपल्या देशांत शीतकपाटें वगैरे उपकरणांवर ताऱ्यांची पट्टी लावण्याची योजना चालूं आहे. दुकानांत ती पट्टी वाचण्यास लागणारीं पांच मिनिटें पुढें दहा वर्षें फळ देतात. न्हाणीघरांतील गीझर काम होतांच बंद करावा. मधल्या सुटींत वर्गाबाहेर पडतांना शेवटच्या मुलानें पंखे बंद करावेत. चार पंखे अर्धा तास म्हणजे चार्जराचे दोन महिने. यांपैकीं एकही गोष्ट घोषवाक्यासारखी चटकदार नाहीं. परंतु या गोष्टींचा थेंब खरोखर थेंबाएवढा आहे.

हा सगळा हिशेब चालूं असतां बक्षीस मिळविणारा आमचा विद्यार्थी गप्प होता. एक दिवस त्यानें आपण होऊन एक वही दाखविली. एका पानावर त्यानें स्वतःचा आणि आजीचा असा दोन रकान्यांत हिशेब मांडिला होता. त्याच्या रकान्यांत रोजची दोन बादल्या ऊन पाणी, रात्रभर पंखा, संगणकावरील खेळ आणि चालत जाण्याजोग्या अंतरासाठीं वडिलांच्या मोटारसायकलीवरील फेऱ्या होत्या. आजीच्या रकान्यांत एक दिवा, माठांतील पाणी, पायीं बाजार, आणि तो चार्जर. खालीं बेरजा होत्या, आणि दुसरें कांहीं लिहिलेलें नव्हतें. आम्हीं विचारिलें, "आजीला दाखविलें कां?" तो म्हणाला, "फोनवर वाचून दाखविलें. ती म्हणाली, हिशेब राहूं दे, सुटींत इकडे ये आणि फोन उचलीत जा." मुलानें चूक कबूल केली ती उपदेशामुळें नव्हे, स्वतः मोजलें म्हणून. आम्हींही तशीच केली. अज्ञान असणें हा शिक्षकाचा दोष नव्हे. तें अज्ञान घोषवाक्यांत गुंडाळून मुलांस देणें हा मात्र दोष आहे, आणि तो आमच्याकडून घडला. मागच्या बाकावरून आलेला "किती?" हा प्रश्न त्या दिवशीं आमच्या सबंध व्याख्यानापेक्षां मोलाचा होता.

असो. जिन्याजवळची भिंत आतां मोकळी आहे. तेथें पुढील वर्षीं काय लिहावें, हें आम्हीं विद्यार्थ्यांवरच सोंपविलें आहे. वाक्य कोणाचेंही असो, आणि कोणत्याही विषयावर असो. अट एकच घातली आहे. वाक्याखालीं त्याचा हिशेब लिहिलेला असावा, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास तो तपासून पाहतां यावा.